इग्नासियाची कोंबडी

जेवणाची वेळ टळली की अगान्या शहरातल्या त्या कापडाच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. अशा वेळी फिलोमेना गणवेशाचं निळं कापड मोजून घड्या घालून ठेवते. त्या दिवशीही ती तेच करत होती, तेवढ्यात रोक्सान आत आली. रोक्सान बेटाच्या दक्षिणेकडच्या उमाताक गावची, फिलोमेनाच्या माहेरच्या शेजारची पोर. आता दवाखान्यात नर्स आहे, पण वागणूक गावचीच. तिनं काउंटरवरून फिलोमेनाचा उजवा हात आपल्या हातात घेतला, वाकून नाकाशी नेला आणि ‘न्योरा’ म्हणाली. वडीलधारं माणूस भेटलं की हे करायचंच असतं. फिलोमेना दिवसातून कितीदा तरी असा हात पुढे करते, तिचं लक्षही नसतं. पण आज रोक्साननं हात सोडायला किंचित उशीर केला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मांसाचा जो उंचवटा असतो, तिथं तिचं बोट टेकलं आणि टेकूनच राहिलं, कारण तिथं उंचवटा नव्हता. मग ती सरळ झाली आणि हसली. हसू आलं ते आलं, परत जायचं विसरलं. अस्तराचं कापड बघायला आलेली ही पोर चार पांढरी बटणं घेऊन निघाली आणि दारातून वळून म्हणाली, “मावशी, तब्येतीला जपा.” माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय, असं फिलोमेना मनातल्या मनात म्हणाली, आणि मग तिनं काउंटरखाली नेऊन तो हात डाव्या हातानं चाचपला.

उमाताकमध्ये हात वाचतात. विचारलं तर कुणी कबूल करणार नाही, पण लहानपणापासून शेकडो म्हाताऱ्यांचे हात नाकाला लावून लावून पोरांच्या बोटांना आपोआप कळायला लागतं की कुठला हात भरलेला आहे आणि कुठला रिकामा होत चाललाय. डॉक्टरांच्या आधी पोरांना कळतं. पोरं बोलत नाहीत, घरी येऊन आईकडे नुसती बघतात, आणि आई म्हणते, “गप जेव.” त्या रोगाला लिटिको म्हणतात, तो असा हातापासून सुरू होतो, मग पाय, मग जीभ, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत असतं, सगळं बघायला. बोडिग वेगळा. त्यात माणूस सावकाश होत जातो, खुर्चीत बसतो तो बसूनच राहतो, आणि एक दिवस विचारतो की ही बाई कोण. काहींना दोन्ही होतं. फिलोमेनाच्या आईला, गाव जिला मानानं तान इग्नासिया म्हणायचं तिला, लिटिको झाला होता. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर फिलोमेनानं तिचा हात नाकाशी नेला आणि तिच्या बोटांना कळलं. त्यानंतर आई उजव्या हाताभोवती जपमाळ गुंडाळून चर्चला यायला लागली आणि डावा हात पुढे करायला लागली. डावा हात पुढे केला त्याच दिवशी अख्ख्या गावाला समजलं. म्हातारीला एवढंही कळू नये, याचा फिलोमेनाला तेव्हा राग आला होता. आता दुकानात उभं राहून तिला आठवलं की नाताळपासून आपण कात्रीला शिव्या देतोय. कात्री बोथट झाली म्हणून दोनदा धार लावून आणली, धारवाल्याला वाटेल ते बोललो, तो बिचारा तोंडाकडे बघत राहिला. तिनं कात्री उचलली आणि निळ्या कापडाच्या काठावर चालवली. कात्री चालली. अंगठा मात्र प्रत्येक वेळी थोडा मागे राहून, बोलावलं की यायचा.

घाबरायला हवं होतं, पण आधी आला तो संताप, आणि तोही आजारावर नाही, वेळेवर. येत्या रविवारी बर्नडेटला मागणी घालायला माणसं यायची होती. एकुलती एक मुलगी. तिचा बाप सैन्यात गेला आणि टेक्सासमध्ये दुसरा संसार मांडून बसला, त्याला आता वीस वर्षं होत आली. फिलोमेनानं कापड कापून कापून पोरीला वाढवलं, शिकवलं, बँकेत चिकटवलं. मुलगा एल्मर, उत्तरेकडच्या यीगोचा, विमानतळावर कामाला, चांगला आहे, मोठ्यानं हसतो. पण मुलगा एकटा येत नसतो. मागणीला त्याची आई येणार, आजी येणार, आणि त्या दोघी रोगाबद्दल काय विचारणार हे अख्ख्या बेटाला माहीत होतं. उमाताकच्या पोरींना हा प्रश्न न विचारता कुणी कधी नेलेलं नाही. फिलोमेना तरुण होती तेव्हा उत्तरेकडचे पोरगे गावच्या जत्रेला यायचे, ताटभर जेवायचे, पोरींबरोबर घामाघूम होईपर्यंत नाचायचे आणि लग्न दुसरीकडे करायचे. शहरात रांगेत उभं असताना कुणी विचारलं कुठल्या, आणि आपण म्हटलं उमाताकची, की पुढचा माणूस थोडा सरकून उभा राहायचा. मुद्दाम नाही. पाय आपोआप सरकायचा. फिलोमेनानं म्हणूनच कधी दुसऱ्या गावाचं नाव सांगितलं नाही. उलट मोठ्यानं सांगायची, आणि तो पाय सरकायची वाट बघायची.

बर्नडेट तशी नव्हती. ती शहरात वाढली, तिला सरकलेले पाय दिसायचे आणि लागायचे. आठवड्यापूर्वी ती वर्तमानपत्र घेऊन धावतच घरात आली होती, चेहरा उजळलेला. डॉक्टरांनी पुन्हा शोध लावला होता की लिटिको-बोडिग कदाचित फादांगमुळे होतो. रानातल्या त्या बियांत काहीतरी असतं, ते मेंदूत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं गप्प राहतं आणि मग डोकं वर काढतं. “आई, रक्तात नाही,” बर्नडेट म्हणाली. “खाण्यात आहे. ज्यांनी खाल्लं त्यांनाच. मी तर आयुष्यात फादांगची भाकरी बघितलीसुद्धा नाही.” ती इतकी आनंदली होती की फिलोमेनाला तिची दया आली. डॉक्टरांचं काय, त्यांचं हे चालूच असतं. आधी रक्त म्हणाले, मग बी म्हणाले, मग नदीचं पाणी आणि माती, आता परत बी. गावाला सवय झालीय. गोरी माणसं येतात, गार हातांनी गुडघे ठोकतात, जीभ बाहेर काढायला लावतात, काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं विचारतात, आणि जाताना पोरांना चॉकलेटं वाटतात. “कदाचित म्हणतायत,” फिलोमेना म्हणाली. “मागच्या खेपेलाही कदाचितच म्हणत होते.” पण बर्नडेटला ते ‘कदाचित’ ऐकू येत नव्हतं. ती आईच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “त्यांनी विचारलं तर म्हणशील ना, की आजीला खाण्यामुळे झालं म्हणून? युद्धात ती ते खायची, तुम्हाला खायला घालायची, म्हणून झालं. रक्ताचा काही संबंध नाही. म्हणशील ना?” फिलोमेना ‘म्हणेन’ म्हणाली. त्यात काय कठीण होतं? म्हातारी जाऊन वर्षं झाली. तिला आता कोण काय म्हणतं याच्याशी काय देणंघेणं?

पण रोक्सान बटणं घेऊन गेली त्या दिवसापासून ते ‘म्हणेन’ फिलोमेनाच्या घशाशी अडकून बसलं. गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता ती हिशोब मांडायची आणि हिशोब कुठूनही मांडला तरी तिला फसवायचा. रोग रक्तात असेल तर आई निर्दोष आहे. तिनं काही केलं नाही, तिलाही कुणाकडून तरी आला. पण मग तो आईकडून माझ्यात आला तसा माझ्याकडून बर्नडेटमध्ये जाणार, तिच्या पोरांत जाणार, आणि पोरीच्या लग्नात मी तिला हे देऊन पाठवणार. रोग खाण्यात असेल तर बर्नडेट सुटली, तिची पोरं सुटली, देवाची कृपा. पण मग मला हे कुणी दिलं? आईनं. स्वतःच्या हातानं थापून, भाजून, फुंकर घालून गार करून दिलं. लेकीला वाचवायचं तर आईला उभं करून बोट दाखवायचं, आणि आईला वाचवायचं तर लेकीच्या कपाळी लिहायचं. असला सौदा कुणी मांडला? आणि मी तो का करावा? एक जाडी अमेरिकन बाई पडद्याचं कापड मागत होती, तिला फिलोमेनानं असं काही फाडून दिलं की बाई दोन पावलं मागे सरली.

जपानी आले तेव्हा फिलोमेना सहा वर्षांची होती, भाऊ किको कडेवरचा. भात पिकला की सैनिक घेऊन जायचे. मग डुकरं गेली, मग रताळी. रानात फादांग मात्र फुकट होतं आणि सैनिकांना ते खाता येत नव्हतं, कारण ते खाणं म्हणजे एक विद्याच आहे. लिंबापेक्षा मोठं बी, ते फोडायचं, आतला पांढरा गर काढायचा, चकत्या करून रांजणात भिजत घालायच्या, पाणी रोज ओतून द्यायचं आणि नवं भरायचं. बीमध्ये विष असतं हे शोधायला उमाताकला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती, शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून तर शेवटचं पाणी कोंबडीला पाजायचं. दुसऱ्या दिवशी कोंबडी दाणे टिपत हिंडताना दिसली की चकत्या उन्हात घालायच्या, पाट्यावर वाटायच्या आणि तितियास थापायच्या. जाड, करड्या, किंचित आंबूस वासाच्या भाकऱ्या. फिलोमेनाला आजही तो वास नाकात आणता येतो, आणि आणला की भूकच लागते, भीती वाटत नाही. हे कुणाला सांगायचं? डॉक्टरांना तोंडातली चव कशी होती ते नको असतं. पोटात काहीतरी जातंय, आजचा दिवस गेला, यातलं सुख त्यांना नको असतं.

मग सैनिकांनी कोंबड्याही नेल्या. एका सकाळी गावभर हिंडून, घराखालून हुसकून काढून, पाय बांधून, ट्रकमध्ये टाकून सगळ्या नेल्या. त्यानंतर लोक चकत्या भिजवायचे खरे, पण खायची हिंमत होईना. आणि एक दिवस गावात बातमी पसरली की तान इग्नासियानं एक कोंबडी लपवून ठेवलीय, कारण तिच्या घरातली पोरं भाकरी खात होती आणि धडधाकट होती. बातमी कुणी उठवली ते माहीत नाही. बायका आपापल्या रांजणातलं पाणी नारळाच्या करवंटीत घेऊन मागच्या दारी यायच्या आणि पडेल आवाजात म्हणायच्या, तुझ्या कोंबडीला जरा पाजून बघशील का. आई म्हणायची, ठेव तिथं, उद्या ये. दुसऱ्या दिवशी सांगायची, चांगलं आहे, वाळव. किंवा, अजून दोन पाणी काढ. बायका जायच्या, पण जाताना मागच्या अंगणात नजर टाकून जायच्या. पुढे पुढे त्यांना राग यायला लागला. आमच्या पोरांना अंडं बघायला मिळत नाही आणि ही एकटी अंडी खाते, असं नदीवर बोलणं व्हायचं. युद्ध संपलं, अमेरिकन आले, डबाबंद मांस आलं, तरी गावाला ती कोंबडी विसरता आली नाही. कुणी काही लपवलं की आजही उमाताकमध्ये म्हणतात, काय, इग्नासियाची कोंबडी का? आणि लोक हसतात. आई होती तोवर आईपण हसायची.

कोंबडी नव्हती. फिलोमेना पाण्याला म्हणून घराच्या मागे गेली होती तेव्हा तिनं पाहिलं. आई पायरीवर बसली होती, समोर तीन करवंट्या मांडलेल्या, आणि ती एकेक उचलून पीत होती, औषध प्यावं तसं, डोळे मिटून. पिऊन झाल्यावर करवंट्या पालथ्या घातल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. फिलोमेना समोर जाऊन उभी राहिली तर म्हणाली, “माझ्याजवळ बस. मी झोपले तर हलव.” ती झोपली नाही. तिला उलटी झाली एकदा, ती तिनं मातीनं झाकली आणि जिचं पाणी जास्त कडू लागलं होतं त्या करवंटीवर खडूची खूण केली. उन्हं उतरली तशी उठली, चूल पेटवली, आणि चूल फुंकता फुंकता म्हणाली, “कुणाला सांगू नकोस. लोक म्हणतील, यांच्याकडे एक कोंबडीसुद्धा नाही.” यातला विनोद फिलोमेनाला कितीतरी वर्षांनी कळला, आणि कळला त्या दिवशी ती हसायच्या ऐवजी दुकानाच्या मोरीत जाऊन रडली. आईनं सांगू नकोस म्हटलं म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. किकोलाही नाही. आणि आता पेपरवाले म्हणतायत, त्या बायकांनी पोरांना विष चारलं. म्हणजे असं शब्दांत नाही म्हणत. अन्नातील घटक, म्हणतात. गोड बोलून म्हणतात.

आईचा आजार तीन वर्षं चालला. शेवटी नुसते डोळे उरले होते, आणि ते फार बोलायचे. डॉक्टर येऊन विचारायचे, हिनं किती फादांग खाल्लं, आणि किको त्यांना सांगायचा, सगळ्यांनी खाल्लं तेवढंच. फिलोमेना कोपऱ्यात उभी राहून आईच्या डोळ्यांकडे बघायची. आईच्या डोळ्यांत मिस्कीलपणा असायचा, हे ती शपथेवर सांगू शकते. तुम्हाला योग्य प्रश्न सुचलाच नाही, असं ते डोळे म्हणायचे. किती खाल्लं विचारताय, किती प्यायलं विचारा ना! आता फिलोमेनाला वाटायला लागलं होतं की प्यायलं म्हणूनच आईला झालं असेल. पण मग मला का? मी प्यायले नव्हते, मी तर तिनं तपासून दिलेलंच खाल्लं होतं. आणि किकोला काहीच का नाही, तो तर माझ्याहून जास्त खायचा, हावरट. आणि आईच्या जोडीनं राबलेल्या बायकांपैकी कितीतरी ऐंशी पार करून पत्ते खेळतायत. काहीच धड जुळत नाही. न जुळणाऱ्या गोष्टीसाठी मी आईचं नाव विकायचं? शनिवारी घर झाडता झाडता ती थांबली आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, “नाही.” मग तिला बर्नडेटचा उजळलेला चेहरा आठवला आणि ती पुन्हा झाडायला लागली.

रविवारी चर्च झाल्यावर पाहुणे आले. अंगणात किकोनं कोंबडी भाजायला घेतली होती, टेबलावर लाल भात, लिंबात मुरवलेलं मांस, ओलं खोबरं, उकडलेला फणस, सगळं नीट झाकून ठेवलेलं. एल्मर नव्या सदऱ्यात अवघडून उभा होता. त्याची आई देलफिना बोलकी, गुबगुबीत, आल्या आल्या पडद्यांची स्तुती करायला लागली. आजी, तान क्लोतिल्दे, काठी टेकत सगळ्यांच्या मागून आली; काळ्या कपड्यांत, वाळलेली, डोळे मात्र तरतरीत. ती वडीलधारी, म्हणजे आता फिलोमेनानं वाकून तिचा हात घ्यायचा. आठवडाभर फिलोमेनानं या क्षणाचा विचार केला होता. जपमाळ गुंडाळायची? डावा हात द्यायचा? तिनं उजवा हात पुढे केला आणि म्हातारीचा हात घट्ट धरला, जेवढा धरता येईल तेवढा घट्ट. म्हातारीनं तिच्याकडे एकदा पाहिलं. उत्तरेकडच्या लोकांना हात वाचता येत नाहीत असं उमाताकला वाटतं. फिलोमेना सरळ झाली तेव्हा तिला खात्री नव्हती.

बोलणी सुरू झाली ती नेहमीसारखी इकडून तिकडून. पाऊस, विमानतळावरची बढती, कुणाचं तरी ऑपरेशन. किकोनं एक विनोद केला, त्याला कुणी हसलं नाही म्हणून तो स्वतःच हसला. बर्नडेट स्वयंपाकघराच्या दारात भाताचं भांडं धरून उभी होती. मग देलफिनानं हातरुमाल मांडीवर पसरला, त्याच्या घड्या सरळ केल्या आणि म्हणाली की मुलगी आम्हाला पसंत आहे, मुलगी सोन्यासारखी आहे, पण तुम्हीही आई आहात, समजून घ्याल, आजकाल लोक काय काय बोलतात. तुमच्या आईबद्दल ऐकलं होतं. “वाईट वाटून घेऊ नका,” देलफिना म्हणाली, “पण ते घराण्यात आहे, की आता पेपरात येतंय तसं, खाण्यातलं होतं?”

उत्तर हातावर ठेवलेलं होतं. देलफिनाच ते देत होती, घ्या आणि मोकळं करा आम्हाला, म्हणत होती. बर्नडेटनं भांड्याचे कान घट्ट धरले होते. फिलोमेनानं तोंड उघडलं, आणि तिला पायरीवर बसलेली आई दिसली नाही की काही नाही, नुसता त्या भाकरीचा वास आला आणि प्रचंड राग.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, डॉक्टरांना तर अजिबात माहीत नाही. पण खाण्यातलं म्हणाल तर ऐकून घ्या. माझ्या आईकडे कोंबडी नव्हती. किको, ऐकतोयस ना? इग्नासियाची कोंबडी नव्हतीच. ते पाणी ती स्वतः प्यायची. आपल्या रांजणाचं आणि गावातल्या सगळ्यांच्या रांजणाचं. पिऊन दिवसभर पायरीवर बसायची, आणि मेली नाही की दुसऱ्या दिवशी सांगायची, वाळवा, खा. गावातली पोरं त्यावर जगली. तिनं आम्हाला विष घातलं असं मी म्हणणार नाही. कुणाचं लग्न मोडलं तरी म्हणणार नाही.” मग तिला वाटलं, अर्धंच सांगून थांबायचं असेल तर मग आईत आणि आपल्यात काय फरक, आणि तिनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. “आणि हे मलाही झालंय. नाताळपासून. आता तुम्ही मागायला आला आहात. मागा, नाहीतर जेवा आणि जा. अन्न चांगलं शिजलंय.”

अंगणात कोंबडीची चरबी निखाऱ्यांवर पडल्याचा आवाज येत होता आणि किको तिकडे जायचं विसरला होता. त्याचं तोंड उघडंच होतं. त्यानंही आयुष्यभर त्या कोंबडीवरून विनोद केले होते. बर्नडेट आईकडे बघत होती. तिला लग्न दिसत नव्हतं, एल्मर दिसत नव्हता, ती टेबलावरच्या हाताकडे बघत होती, आणि तिचा चेहरा इतका उघडा पडला होता की फिलोमेनाला तिकडे बघवेना. पोरीला असं कळायला नको होतं. चार परक्या माणसांत, भाताचं भांडं हातात असताना. रागाच्या भरात आपण आईला सोडवलं आणि लेकीला आपटलं, हे तिला तेव्हाच कळलं, आणि तरी बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही. देलफिनानं रुमालाची पुन्हा घडी घातली आणि उठायच्या बेतानं खुर्ची मागे सारली.

“बस,” तान क्लोतिल्दे म्हणाली. आल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द. देलफिना बसली. म्हातारीनं काठी दोन्ही हातांत धरली आणि फिलोमेनाकडे न बघता, भिंतीवरच्या येशूच्या चित्राकडे बघत म्हणाली, “माझा नवरा चालताना झोकांड्या खायचा. बोलणं जड झालं होतं. हातातून ग्लास पडायचा. मला चार पोरी उजवायच्या होत्या. मी सगळ्यांना सांगितलं, पितो. रोज पितो, ऐकत नाही. पाद्र्यालाही सांगितलं. पाद्री घरी येऊन त्याला शपथ घालून गेला, दारू सोड म्हणून. त्याला तेव्हा बोलता येत नव्हतं.”

“आई, पुरे,” देलफिना म्हणाली.

“तो थेंबाला शिवला नव्हता,” म्हातारी म्हणाली. “चारही पोरी चांगल्या घरी पडल्या.”

एल्मर आजीकडे असा बघत होता, जणू ही म्हातारी त्यानं आधी पाहिलीच नव्हती. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा फिलोमेनाकडे वळल्या, कारण आता पारडं फिरलं होतं. आता मुलगी द्यायची की नाही हे तिनं ठरवायचं होतं. तिच्या तोंडात प्रश्न तयारच होता. ते तुमच्या घराण्यात आहे, की खाण्यातलं? इतक्या सहज, इतका घडी घातलेला आला तो, की ती दचकली. बर्नडेटच्या पोरांना आता दोन्हीकडून येऊ शकतं. विचारायला नको? आई म्हणून विचारायला नको? एक क्षण तिला अगदी देलफिनासारखं वाटलं, मांडीवर रुमाल असल्यासारखं. मग तिनं तो प्रश्न गिळला. तो कडू होता आणि खाली जायला वेळ लागला.

“त्यांचं नाव काय होतं?” तिनं म्हातारीला विचारलं.

“होआकिन.”

“होआकिनच्या घरात मुलगी देते,” फिलोमेना म्हणाली. “तिला हवं असेल तर. पण माझी एक अट आहे. लग्नाच्या जेवणात, सगळं यीगो बसलेलं असताना, तुम्ही उठून सांगायचं की तो पीत नव्हता.”

देलफिना लगेच म्हणाली की हे कसं शक्य आहे, चारही बहिणींची सासरची माणसं तिथं असतील, नातवंडांची लग्नं व्हायची आहेत. फिलोमेना तिच्याकडे बघतसुद्धा नव्हती. म्हातारीची हनुवटी हलत होती, काठीवरचे हात एकमेकांत गुंतले होते.

“मला उठायला कुणाचा तरी हात लागेल,” ती शेवटी म्हणाली.